कुसळ नसलेली घोंगडी

सारजाबाईच्या डोक्यात ते काही केल्या शिरत नव्हतं. अख्खा जन्म मेंढरांमागं गेला, बालाघाटाच्या डोंगरापासून गोदेच्या काठापर्यंतचा मुलूख तिनं पायाखाली घातला, पण जिथं बी पडलेलं चालत नाही असा मुलूख तिनं कधी ऐकलाही नव्हता.

लेक अंजना जनावरांची डॉक्टर. परभणीला शिकली, तिथंच नोकरी लागली, तिथंच लग्न झालं. आता तिला एका जहाजावर घेतलं होतं. पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, जिथं बर्फाशिवाय काही नाही, तिथं हौशी माणसं प्राणी बघायला जातात म्हणे. त्यांच्यासोबत अंजना जाणार आणि तिथल्या न उडणाऱ्या पाखरांची विष्ठा तपासून त्यांना काही रोग आहे का ते बघणार. सारजाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, लेंड्याच बघायच्या तर इतकं लांब कावून जायचं, लेंड्यांचा ढीग तर दारातच पडलाय. अंजना हसून हसून लोळायची बाकी राहिली. यात हसण्यासारखं काय, ते मात्र सारजाबाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

जायच्या आधी आठ दिवस अंजना माहेरी आली, नेकनूरजवळच्या वस्तीवर. पावसानं सलग दुसऱ्या साली दडी मारलेली. दिवाळी नुकतीच सरली तरी डोंगर उघडाबोडका आणि टँकर एक दिवसाआड. अशा दिवसांत लेकीला द्यायचं तरी काय? सारजाबाईनं ट्रंकेच्या तळातून घोंगडी काढली. धुळाजीनं, तिच्या नवऱ्यानं, विणलेली ही शेवटची. त्यानंतर त्याच्या डोळ्यांवर पडदा येऊन दिसेनासं झालं आणि माग बंद पडला. बर्फात जातीस तर ही घेऊन जा, हिच्यातून वारं आत येत न्हाई, असं तिनं ठणकावून सांगितलं.

अंजनानं घोंगडीवरून हात फिरवला आणि तिचा चेहरा उतरला. मग तिनं जहाजवाल्यांचा कागद वाचून दाखवला. त्या मुलखात बाहेरचं बी जाता कामा नये. कपड्यात कुसळ नको, बुटाला माती नको, पिशवीच्या शिवणीत गवताची काडी नको. जहाजावर बत्ती लावून सगळं तपासतात. घोंगडीत एक जरी कुसळ निघालं तरी ती जहाजावरच कोंडून ठेवतील, बर्फावर उतरू देणार नाहीत. वर सामानाचं वजन ठरलेलं, म्हणून घोंगडी न्यायची तर एकच.

"एवढुशा कुसळाला भेत्यात?" सारजाबाईनं विचारलं.

"ते उगवंल म्हणून भेत्यात, आई."

सारजाबाईनं घोंगडी उलटीपालटी करून पाहिली. तिची मेंढरं गावोगावच्या रानात बसायची. लेंडीखत तर मिळायचंच, वर लोकरीतून एका गावच्या गवताचं बी दुसऱ्या गावच्या बांधावर जाऊन पडायचं. त्याबद्दल कुणी तक्रार केल्याचं तिला आठवत नव्हतं. इथं पेरलेलं उगवंना म्हणून माणसं आभाळाकडं बघत होती, आणि तिथं न पेरलेलं उगवेल म्हणून माणसं धास्तावली होती. यात डोकं कुणाचं ठिकाणावर आहे, ते तिला ठरवता येईना.

तेवढ्यात ही खबर सुंदररावांच्या कानावर गेली. सुंदरराव म्हणजे घोंगडी विणकर सोसायटीचे चेअरमन. जन्मात कधी मेंढरू पाळलं नाही, पण बारा वर्षं खुर्ची सोडली नव्हती. दुष्काळाचं निमित्त सांगून सोसायटीनं दोन सालं वस्तीवरची लोकर उचलली नव्हती, ते सोडाच. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली नवीकोरी घोंगडी घेऊन ते आले. गिरणीचं सूत, कोपऱ्यावर सोसायटीच्या नावाची लाल पट्टी, आणि कुसळ औषधालासुद्धा नाही. गुरुवारी सकाळी नऊच्या एसटीनं अंजना निघणार, तेव्हा सत्कार करू, पेपरात फोटो देऊ, असं त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं.

"तुमची साफ झाली तर बरंच हाय," ते जाताना म्हणाले, "न्हाई झाली तर ही हायच की."

हे शेवटचं वाक्य सारजाबाईच्या अंगाला झोंबलं. आता काय वाट्टेल ते होवो, धुळाजीची घोंगडीच जाणार.

मायलेकी लिंबाखाली बसल्या. एकीच्या नाकावर चष्मा, दुसरीच्या हातात चिमटा. घोंगडीची एक वीत घ्यायची, उन्हाकडं धरायची, कुसळं उपसायची, सराट्याचे काटे सोडवायचे, आणि मगच पुढची वीत. निघालेलं सगळं एका वाटीत. अंजना सहाव्या वर्षी आश्रमशाळेत गेली आणि सारजाबाई मेंढरांमागं. त्यानंतर दोघी सलग इतके दिवस एका जागी बसल्याच नव्हत्या. बोलायला मात्र फारसं सुचत नव्हतं. लेक त्या पाखरांबद्दल सांगायची, नर पाखरू पायांवर अंडं घेऊन उभं राहतं वगैरे, आणि आई हुंकार देऊन पुढचं कुसळ ओढायची. त्यातलं किती खरं, किती थट्टेचं, ते तिनं विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, झालं. धुळाजीनं घोंगडी मागून घेतली, मानेवरून, गालावरून हळूहळू ओढली आणि एका जागी थांबला. "हितं टोचतंय," तो म्हणाला. खरंच कुसळ होतं. मग त्यानं आणखी बारा जागा दाखवल्या, आणि मायलेकींनी पहिल्यापासून सुरुवात केली.

पाचव्या दिवशी सारजाबाईला नवाच घोर लागला. घोंगडीच्या सुताला चिंचोक्याची खळ लावलेली असते, आणि चिंचोका म्हणजे बीच की. कुसळं काढता येतील, खळ कशी काढायची? अंजनाही क्षणभर गोंधळली, मग म्हणाली, दळून शिजवलेलं बी उगवत नाही, त्याचं कुणी काही म्हणणार नाही. सारजाबाईनं मान हलवली, पण तिची खात्री काही पटली नाही.

बुधवारी संध्याकाळी धुळाजीनं घोंगडी शेवटची गालावरून ओढली. बराच वेळ ओढली. मग एकही जागा न दाखवता घडी घालून लेकीच्या मांडीवर ठेवली.

गुरुवारी सुंदरराव हार, नारळ, फोटोवाला आणि आपली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन हजर. फोटोसाठी अंजनाला पाटावर बसवलं, खांद्यावर धुळाजीची घोंगडी दिली. घोंगडीचं एक टोक तिच्या मांडीवर पसरलं होतं. नऊला दहा मिनिटं कमी होती, म्हणून शेजारच्या चतुराबाईनं ओटीचं ताट सारजाबाईच्या हातात दिलं. माहेरवाशीण निघाली की तिची ओटी भरायची, यात विचार करण्यासारखं काय असतं? सारजाबाईनं लेकीला कुंकू लावलं आणि कुंकवाच्या त्याच बोटांनी, जन्मभर जशा टाकल्या तशा, गव्हाच्या पाच ओंजळी मांडीवर टाकल्या.

पाचवी टाकल्यावर तिला कळलं.

गहू काळ्या लोकरीत खोल उतरला होता. सुंदररावांनी हळूच पिशवीची गाठ सोडायला घेतली.

"ती पिशवी बांधा, चेअरमनसायेब," सारजाबाई म्हणाली. चतुराबाईला ओरडून तिनं मेंढरं सोपवली, घोंगडी उचलली आणि लेकीच्या मागोमाग एसटीत चढली. काठी टेकत धुळाजीही चढला. चौघांची जागा अडवून तिघं बसले. बीड येईपर्यंत सारजाबाई दाणे वेचत होती, धुळाजी चाचपून जागा सांगत होता, आणि वेचलेले दाणे ती आपल्या पदराच्या टोकाला बांधत होती. कंडक्टरनं दोनदा विचारलं काय चाललंय, पण सांगायला कुणाला सवड नव्हती. बीडला उतरताना धुळाजी म्हणाला, "आता काय न्हाई तिच्यात." अंजना घाईघाईनं पुण्याच्या गाडीत बसली. गाडी हललीसुद्धा.

परतीच्या एसटीत सारजाबाईचा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तिला आठवलं. ओटी भरली की लेकीनं त्यातले चार दाणे आपल्या हातानं आईच्या पदरात परत टाकायचे असतात, म्हणजे लेक परत माहेरी येते. अंजनानं टाकलेच नव्हते. सगळे सारजाबाईनंच काढून घेतले होते. मग ही ओटी भरली म्हणायची का रिकामी केली? तिनं धुळाजीला विचारलं. तो म्हणाला, बायकांच्यातलं मला कळत नाही. पण त्याचाही चेहरा उतरला.

नऊ दिवस तिनं गाठ सोडली नाही. कोण म्हणालं समुद्रापल्याड माणूस गेलं की दाण्यांचा नेम लागू होत नाही, कोण म्हणालं पुन्हा ओटी भरावी लागेल. सारजाबाईला अन्न गोड लागेना. समुद्र तिनं पाहिला नव्हता, त्यामुळं त्याला किती भ्यायचं हेही तिला उमजत नव्हतं.

दहाव्या दिवशी ती टँकरच्या रांगेत उभी असताना फोन वाजला. अंजनाचा आवाज तुटत तुटत येत होता. तपासणी झाली. घोंगडीवर साहेबानं तासभर बत्ती फिरवली, एक कुसळ निघालं नाही. घोंगडी बर्फावर जाणार. सारजाबाईचे डोळे भरून आले.

"पण आई, निघताना घातलेल्या स्वेटरच्या खिशात गव्हाचा एक दाणा सापडला. कुंकू लागलेला."

सारजाबाईनं हातातली घागर खाली ठेवली. "मग गं? काय केलं तुला?"

"काय न्हाई. जाळणार होते. मी म्हणलं, माझ्या आईच्या ओटीतला हाय. मग त्यांनी पाकिटात बंद करून कपाटात ठेवला. परत आल्यावर जहाजातनं उतरताना देणार हायेत."

मागच्या बाया रांग पुढं सरकवा म्हणून ओरडत होत्या. सारजाबाईनं फोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"तो हरवू नगंस, पोरी," ती म्हणाली. "तुज्या हातानं आणून माज्या पदरात टाक. तेवढं राह्यलंय."