मधला लेखक

"पहिल्याला तोड नाही," उदय म्हणाला. "कवचधर जन्माला घातला त्याने. बाप तो बाप."

"जन्म दिला, पण वाढवला नव्याने," ईश्वर म्हणाला. "नव्याची फायटिंग बघ. एका पानात दहा जण हवेत."

"दिवसभर रिक्षा चालवून तुला तेच आवडणार."

केबिन रोडवरच्या आमच्या वाचनालयात दर रविवारी हा वाद चालायचा. माझी बायको दुर्गा होती तेव्हा ती काउंटरमागून भांडायची. मार्चमध्ये ती गेली. आता तिथे मी बसतो.

त्या रविवारी मात्र वाद नुसता वाद नव्हता. अर्धा गाळा मोबाइलवाल्याला द्यायचं ठरलं होतं. कवचधरच्या अंकांची तीन कपाटं होती, त्यातल्या एकालाच जागा राहणार होती. बाकीची दोन सोमवारी रद्दीत जाणार. कोणतं ठेवायचं ते तुम्हीच ठरवा, वाचणारे तुम्ही, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. पण माझ्या मनात पक्कं होतं. मधल्याचं कपाट मी जाऊ देणार नव्हतो.

मधला म्हणजे मधला लेखक. कवचधर हे दिल्लीहून निघणारं हिंदी कॉमिक वर्षानुवर्षं चाललं, पण अंकावर लेखकाचं नाव कधी छापलं नाही. तरी वाचणाऱ्यांना माणूस बदललेला कळतो. पहिला, मधला, नवा ही नावं आमच्या वाचनालयातच पडली. पहिल्याचा कवचधर राक्षसांशी लढतो. नव्याचा विमानातून उड्या मारतो. मधल्याचा बराच वेळ पायी चालत असतो, आणि थकला की कोणाच्यातरी ओट्यावर बसतो. दुर्गाला तो आवडायचा.

मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होतो. कॉमिक हा माझा विषय नव्हता. ती गेल्यावर दुपारी दुकानात बसून वाचायला लागलो आणि मधल्याचे सगळे अंक वाचून काढले. शेवट मात्र एकाचाही सापडला नाही. त्या वर्षांत शेवटच्या पानामागे कूपन यायचं. कूपनं जमवून पाठवली की कवचधरचा बिल्ला मिळायचा. पोरं अंक घरी नेऊन कूपन कापायची, आणि त्याबरोबर पानाच्या पुढच्या बाजूचं शेवटचं चित्रही जायचं. आमच्या प्रत्येक अंकाला तिथे चौकोनी भोक आहे. शेवट काय होते ते मला जुन्या वाचकांनी सांगितलं.

"मी मधल्याच्या बाजूने बोलणार," मी म्हणालो.

"काका, तुम्ही मालक. मालकाने बोलायचं नसतं," उदय म्हणाला. तो कुरिअर कंपनीत आहे. हाफपँटमध्ये होता तेव्हापासून येतो.

"मालकीण ती होती. मी तिच्या वतीने बोलतोय."

मी पुराचा अंक काढला.

"हा घ्या. कवचधरच्या हातून डाकू मरतो. मग तो त्या डाकूच्या आईकडे जातो. तिला काही माहीत नाही. दारात माणूस आला, भिजलेला आहे, म्हणून ती त्याला पेज वाढते. तो खाली मान घालून पितो. बोलत नाही. संपली गोष्ट. तुमच्या पहिल्याने लिहिलं असतं असं?"

"हा शेवट मात्र भारी आहे," उदय म्हणाला. "मला चित्र अजून दिसतं. वाडग्याशेजारी लोणच्याची फोड आहे."

"म्हातारीचा फक्त हात दिसतो," ईश्वर म्हणाला. "मान्य. हा एक सीन मान्य."

"बघू," निशा म्हणाली. निशा नर्स आहे, सिल्व्हर पार्कला राहते, आमच्याकडे अलीकडेच यायला लागली होती. तिने शेवटचं पान उघडलं. "इथे तर भोक आहे."

"थांबा." ईश्वर उठला, रिक्षाच्या सीटखालून एक पिशवी घेऊन आला. "मीरा रोडच्या रद्दीवाल्याकडे मिळाला. हाच अंक, एकदम कोरा. मी मधल्याच्या पार्टीत नाही, पण काकीच्या नावाने आणला. वाचनालयाला भेट."

कूपन जागच्या जागी होतं. ईश्वरने पान उलटून काउंटरवर ठेवलं आणि आम्ही चौघं वाकलो.

कवचधर एका खडकावर उभा होता. मागे वीज चमकत होती. तोंडातून वाक्य निघालं होतं, अधर्म का नाश होकर रहेगा. खाली समाप्त.

म्हातारी नव्हती. पेज नव्हती.

"दुसरा अंक असेल," उदय म्हणाला.

निशाने दोन्ही मुखपृष्ठं शेजारी धरली. अंक तोच होता.

"पण मी पाहिलंय ते चित्र. आईशप्पथ."

"मी पण," ईश्वर म्हणाला.

उदयने कापलेल्या अंकाच्या भोकात बोट घातलं. "मी अंक परत करायला यायचो," तो हळू म्हणाला, "आणि काकीला विचारायचो, शेवट कुठाय. ती म्हणायची, बस, सांगते."

"मला पण सांगायची. रिक्षा लाईनीला लावून यायचो. बाजूला भय्या, गुजराती सगळे, म्हणून हिंदीत. वो बुढिया ने उसको पेज दिया, नरम नरम." ईश्वर हसला आणि मध्येच थांबला.

"दिल्लीच्या लेखकाला पेज कुठून माहीत असणार," उदय म्हणाला. "आपल्याला कळायला हवं होतं."

रत्नागिरीला दुर्गाच्या माहेरी दारात आलेल्या कोणालाही आधी पेज मिळायची. कोण, कुठला, ते नंतर. मला तर कळायलाच हवं होतं.

"मग मधल्याचा पत्ता कट," ईश्वर म्हणाला.

"गप रे जरा," निशा म्हणाली.

"काका, आता कोणतं ठेवायचं?" उदयने विचारलं.

"मधल्याचंच."

"पण त्याने हे लिहिलंच नाही."

"नाही लिहिलं. तुमच्या पहिल्याच्या आणि नव्याच्या अंकांचे शेवट जागच्या जागी आहेत. तिथे तिला बोलायला जागा नव्हती. ती याच कपाटात होती. हे कपाट कुठे जात नाही."

माझा आवाज चढला असावा. उदयने मान हलवली. "माझं मत मधल्याला."

"माझं पण लिहा," ईश्वर म्हणाला. "नव्याचे अंक मी घरी नेतो. बायको मला घराबाहेर काढेल, ते वेगळं."

"ईश्वर, हा कोरा अंक वाचनालयाचा झाला ना?" मी विचारलं.

"झाला की."

मी कात्री घेतली आणि कूपनच्या ठिपक्यांवरून कापलं. खडक, वीज, समाप्त, सगळं चौकोनात निघून आलं. कोणी अडवलं नाही. तो तुकडा मी केराच्या डब्यात टाकला आणि अंक कपाटात लावला.

निशा त्याच कपाटासमोर उभी होती. तिने दीपस्तंभाचं चित्र असलेला एक अंक काढून शेवटचं पान बघितलं. "याचा शेवट काय?"

मला तो ठाऊक नव्हता. मी उदयकडे पाहिलं.

"हा मला येतो," उदय म्हणाला. त्याने स्टूल ओढलं. "कवचधर रात्री खाडीवर येतो. आपल्या इथल्या राई गावच्या."

"दिल्लीचा कवचधर राईला?" निशाने विचारलं.

"काकीने सांगितलं तसं सांगतोय. ऐकायचंय की नाही?"

नीट ऐकू यावं म्हणून मी पंखा बंद केला.