धने उतरवायची वेळ

मोठी माय, म्हणजे माझी थोरली चुलती धुरपताबाई, कोंबडी खात नव्हती. तिनं महानुभाव पंथाचा उपदेश घेतला होता. मटण-अंडं तर सोडाच, त्या भांड्यांनाही ती शिवत नसे. तरीही ताडकळसच्या बाजारात माझ्या वडिलांच्या पालावर जी धुरावरची कोंबडी मिळायची, तिला चोळायचा कोरडा मसाला तीच करायची.

"मसाला म्हंजे मसाला," ती म्हणायची. "तुमी तो कशाला फासताव, ते तुमचं तुमी बगा."

स्वतः कधीच न चाखलेली चव बरोबर साधली आहे, हे तिला कळायचं कसं? लहानपणी मला हा प्रश्न पडला नव्हता. चौऱ्याहत्तर साली बी.एस्सी.ची शेवटची परीक्षा देऊन मी परभणीहून गावी आले तेव्हा पडला, कारण त्या उन्हाळ्यात मसाला बिघडला होता.

दादा, म्हणजे माझे वडील, पूर्वी येलदरीच्या धरणाच्या कामावर मुकादम होते. तिथल्या एका खानसाम्यानं त्यांना धुराची रीत शिकवली होती. तळ कापलेलं लोखंडी पिंप, खाली बाभळीचे निखारे, त्यावर ओलसर तुरीचं भुसकट आणि वर आकड्याला टांगलेली कोंबडी. जाळ होऊ द्यायचा नाही, नुसता धूर. त्याआधी कोंबडी फडक्यानं कोरडी करायची, मसाला चोळायचा आणि झाकून ठेवायची. मिठामुळं मांसातलं पाणी बाहेर येतं, मसाल्यातलं भाजक्या ज्वारीचं पीठ ते धरून ठेवतं आणि धुरात त्याचा पापुद्रा होतो. हे मी दादांना समजावून सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. आता कोंबडीला पन सांगून ये."

पण ते हसत नव्हते. मागच्या काही बाजारांत गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून उठली होती. शाळेतले बन्सीधर गुरुजी दर बाजाराला एक तंगडी खाल्ल्याशिवाय घरी जात नसत. त्यांनी अर्धी तंगडी पानावर तशीच ठेवली आणि म्हणाले, "लिंबाजीराव, कडू लागायलाय हो." पुढच्या बाजाराला तेच म्हणाले, की आज कडू नाही, पण गवत खाल्ल्यासारखं लागतंय.

घरात यावर दोन मतं होती. दादांचं म्हणणं, वैनीचं वय झालं, परभणीहून तयार मसाला आणावा. मायचं म्हणणं याहून वाईट होतं.

"हात बिघडला न्हाई त्यांचा, मन बिघडलंय," माय म्हणाली. "संक्रांतीला लुगडं त्यांच्या मनासारकं आलं न्हाई, तवापासून हे चालू हाय. मी म्हन्ते, बाईंना सोनपेठला त्यांच्या भावाकडं धाडावं. बसतील तिथं आरामात."

मोठी माय ओसरीवर धने निवडत होती. तिनं ऐकलं असणार. ती विधवा होती, मूलबाळ नव्हतं. या घरात तिचं म्हणून जे काही होतं, ते मसाल्याच्या त्या पितळी डब्यात होतं. सोनपेठचा भाऊ दिवाळीलासुद्धा तिला न्यायला येत नसे. तिथं जाणं म्हणजे कुणाच्या तरी चुलीजवळ उपरं होऊन बसणं, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

"पुढच्या बाजाराला बगू," दादा म्हणाले. "न्हाई जमलं तर मंग ठरवू."

मला वाटलं, हा प्रश्न मला सोडवता येईल. बिघाडाला कारण असतं, आणि एकेक गोष्ट बदलून पाहिली की ते सापडतं. आधी मी धुरावर संशय घेतला. भुसकटात कडुलिंबाच्या काटक्या आल्या असतील, तर त्यांचा कडवटपणा उतरेल. म्हणून एका कोंबडीची एक बाजू घरच्या मसाल्यानं चोळली आणि दुसरी नुसत्या मिठानं. पिंप एकच, धूर एकच. मिठाची बाजू चांगली लागली, मसाल्याची कडू. म्हणजे दोष धुराचा नव्हता. मग मी डब्यातलं सगळं कच्चं चाखून पाहिलं: मिरी, लवंग, तीळ, दगडफूल, वाळवलेला लसूण, आमचूर. दगडफुलानं जीभ जड झाली, पण खराब काही नव्हतं. मग मी किराणा दुकानातून तराजू मागून आणला आणि मोठ्या मायनं ओंजळीनं काढलेला प्रत्येक जिन्नस तोलला. तिच्या ओंजळीत इतका कमी फरक पडत होता की मीच तराजू पुन्हा तपासला.

"काय घावलं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"मंग दे तो तराजू परत. दुकानदार शिव्या घालीत आसंल."

जिन्नस तेच, माप तेच, तवा तोच, हात तोच. तरी एक घाणा कडू, दुसरा कच्चा, तिसरा पुन्हा कडू. एकाच बाजूला चूक झाली असती तर समजलं असतं. ही चूक दोन्हीकडं जात होती. मायचं म्हणणं खरं असावं, मोठी माय मुद्दाम करत असावी, असं मला दोन दिवस वाटलंसुद्धा. पण मुद्दाम करणारी बाई घाणा झाल्यावर चिमूट तळहातावर घेऊन इतका वेळ का बघत बसेल?

धने ती सगळ्यात शेवटी भाजायची. बाकीचं थोडं इकडंतिकडं झालं तरी चालतं. धने मात्र कच्चे राहिले की सगळा मसाला गवतासारखा होतो आणि जास्त झाले की कडू. मी घरी असले की ती मला जवळ बोलवायची.

"पंचे, ये माय. सांग बरं, वास कसा यायलाय?"

मला वाटायचं, ती मला शिकवतेय. मी हुंगायची आणि सांगायची, "छान सुटलाय." ती लगेच तवा उतरवायची.

अंगणात भांडी घासताना एकदम माझ्या लक्षात आलं की कच्चे झालेले घाणे तेच होते, ज्या वेळी मी तव्याजवळ होते. कडू झालेले, मी नसतानाचे. धूर, जिन्नस, माप हे सगळं मी तपासलं होतं. तपासायची राहिले होते ती मीच. पण माझ्या असण्या-नसण्यानं धन्याला काय फरक पडावा, हे मला कळेना. उलट मी जास्तच गोंधळले. मी चुकीचं सांगत होते, हे ठीक. पण ती माझं ऐकत का होती?

उत्तर मिळालं ते दुधामुळं. मोठी माय चुलीजवळ मिरच्यांची देठं काढत बसली होती. शेजारी दूध ठेवलेलं. मी आतल्या खोलीत होते, तिथवर करपल्याचा वास आला. बाहेर येऊन पाहते, तर तिच्या हाताच्या अंतरावर भांडं धुमसतंय आणि ती निवांत देठं काढतेय. परसातून माय धावत आली, पदरानं भांडं उतरवलं आणि नुसतं म्हणाली, "बाई, दूध."

"ध्यान न्हवतं," मोठी माय म्हणाली.

माय भांडं उचलून परसात गेली. पण त्याच दिवशी जेवताना तिनं दादांकडं सोनपेठचा विषय पुन्हा काढला.

दुसऱ्या दिवशी मी हिंगाची डबी उघडून मोठ्या मायच्या पाठीमागून तिच्या नाकाशी धरली. ती बोलत राहिली. मी डबी आणखी जवळ नेली. मग तिनं मान वळवली, डबीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"झाली का तुझी परीक्षा?" ती म्हणाली.

"कधीपासून?"

"माघात ताप न्हवता का आला, लय पडसं झालतं. पडसं गेलं, ते वास घेऊनच गेलं. भाकर खाते, तर माती खाल्ल्यावानी लागती. रंगावरून भाजायला बगितलं, पन त्या अंधाऱ्या चुलीत काय रंग दिसतो? मंग तू आलीस. म्हन्लं, पोरगी शिकलेली हाय, नाक चांगलं आसंल."

"अगं, मग सांगायचं ना."

"काय सांगू? वास येत न्हाई म्हनलं, की डबा गेला. डबा गेला, की मी सोनपेठला." तिनं मिरच्यांची परात पुढं ओढली. "तुज्या मायला बोलू नगंस."

नाकाच्या आत वरच्या बाजूला वास ओळखणारे तंतू असतात, तापानंतर ते कधी कधी निकामी होतात, असं काहीतरी मी वाचलं होतं. ते मी तिला सांगितलं. त्यानं तिला काय मिळणार होतं, कोण जाणे. तिनं फक्त विचारलं, "परत येतात का?" मी म्हणाले, "माहीत नाही."

बाजार तीन दिवसांवर आला होता. माझं नाक होतं, पण त्याला काही कळत नव्हतं. तिला सगळं कळत होतं, पण नाक नव्हतं. मी तिला विचारलं, की धने उतरवायच्या वेळी नेमका कसा वास येतो, शब्दांत सांग. असं तिला कधी कुणी विचारलं नव्हतं.

"आधी ओल्या गवताचा येतो," ती म्हणाली. "मंग लिंबूच्या सालीचा. तवा तू छान छान म्हन्तीस, पन तिथं उतरवायचं न्हाई. त्याच्यामागून, पावसाळा संपल्यावर घोंगडी उनात टाकतो न्हवं, तसा येतो. तो आला की खाली घ्यायचं. त्याच्यापुढं गेलं की बिडीचा."

उन्हातल्या घोंगडीचा वास मला आठवेना. म्हणून मी माळवदाच्या सपाट छतावर घोंगडी टाकली आणि तापली तशी शेजारी बसून हुंगत राहिले. प्रयोगशाळेत माहीत नसलेला नमुना ओळखायचा तर शेजारी माहीत असलेला ठेवतात, तसंच ते होतं. खालून माय बघत होती.

"बगा," ती दादांना म्हणाली, "परभणीला धाडली, बीएस्सी केली, आन् पोरगी घोंगड्या हुंगायलीय."

"हुंगू दे," दादा म्हणाले. "नोकरी लागंस्तोर काय तरी उद्योग पायजे."

मग आम्ही तवा ठेवला. मोठी माय हलवत होती, मी वाकून हुंगत होते. गवत आलं. लिंबू आलं. मी गप्प राहिले. मग काहीतरी आलं, पण ते घोंगडीसारखं होतं की मी घोंगडीचाच विचार करत होते म्हणून तसं वाटत होतं, ते मला सांगता येईना.

"आलं का?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजे काय? आलं का न्हाई?"

"आलं," मी म्हणाले, आणि तिनं तवा उतरवला. चिमूट तळहातावर घेऊन ती नेहमीसारखी बघत बसली. आता मला कळलं, ती काय बघत होती. काहीच नाही.

बाजाराच्या दिवशी मी दादांबरोबर पालावर गेले. बन्सीधर गुरुजी आले, आढेवेढे घेत बसले आणि एक तंगडी घेतली. दादा निखाऱ्यांकडं बघत असल्याचं दाखवत होते. गुरुजींनी हाडापर्यंत खाल्लं.

"कसं हाय?" दादांना राहवलं नाही.

"पयल्यासारकं न्हाई," गुरुजी म्हणाले. मग हाड पानावर ठेवत, "पन पयलं कसं होतं, तेच आता नीट आठवंना. अजून एक द्या बरं."

दादांनी परभणीच्या तयार मसाल्याचं नाव पुन्हा काढलं नाही. मी घरी येऊन मोठ्या मायला गुरुजींचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. तिला ते आवडलं की नाही, कळलं नाही. "पयल्यासारकं न्हाई का," एवढंच ती दोनदा म्हणाली आणि डबा पुसून ठेवला.

पुढं पावसाळ्यात मला परभणीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत जागा मिळाली. आनंद झाला, आणि लगेच मसाला आठवला. आखाड सुरू होता, श्रावण लागण्याआधी सगळ्यांनाच कोंबडी हवी होती. तव्याजवळ आता कोण वाकणार? मोठ्या मायनं मला बोलू नको म्हटलं होतं, आणि न बोलता जाणं मला जमेना. पेटी भरायची सोडून मी चुलीकडं गेले. तिनं तवा ठेवला होता. मी बसणार, तेवढ्यात माय आली, माझ्या जागेवर बसली आणि पदर खोचून तव्यावर वाकली.

"हं, सांगा बाई," ती म्हणाली. "गवताचा यायलाय. पुढं काय?"

मोठ्या मायचं उलथनं क्षणभर थांबलं. मग ती म्हणाली, "आता लिंबूची साल येईल. तिथं फसू नगंस. तुजी लेक फसली होती."

माय मला सोडायला एस.टी.च्या थांब्यावर आली. मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दूध करपलं तवाच."

"मग त्याच दिवशी जेवताना सोनपेठचं कशाला काढलंस?"

मायनं डोळ्यांवर हात धरून रस्त्याकडं पाहिलं.

"गाडी आली बग तुजी," ती म्हणाली.

मी वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता.