आयसीयूबाहेरचा खलबत्ता

“ही गोळी कोणी कुटली?”

आयसीयूच्या दारात मी एवढ्या जोरात ओरडले की आतून कोकिळा सिस्टर धावत बाहेर आली. बाकावर पितळी खलबत्ता होता आणि त्याच्या तळाला गोळीचे गुलाबी पापुद्रे चिकटले होते. आत नाकात नळी घातलेल्या झुंबरबाईंचं ब्लडप्रेशर घसरत चाललं होतं. डॉक्टर योगराज इंजेक्शनामागून इंजेक्शन मागवत होते, आणि तीच इंजेक्शनं घेऊन मला तळघरातल्या मेडिकलमधून वर पिटाळलं होतं.

“कुटायच्याच असतात ना गं,” कोकिळा म्हणाली. “अख्खी गोळी नळीतून कशी जाणार?”

धुळ्यातल्या आमच्या या हॉस्पिटलची ही रीतच. ज्याच्या नाकात नळी, त्याच्या गोळ्या नातेवाइकांनी बाहेर बसून कुटायच्या आणि पुडी सिस्टरच्या हातात द्यायची. सिस्टर कमी, पेशंट जास्त. म्हणून कधी तरी कुणी तरी हा खलबत्ता आणून ठेवला, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पण काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळाव्यात म्हणून बनवलेल्या असतात. त्या कुटल्या की दिवसभराचं औषध एका दमात अंगात उतरतं. झुंबरबाईंना सकाळच्या राउंडला प्रेशरची अशीच नवी गोळी लिहिली होती. त्या राउंडला मी असते तर तिथल्या तिथे बोलले असते, “सर, नळी आहे, ही नको, दुसरी द्या.” बस, एवढंच वाक्य.

आणि मी तिथे असायलाच हवं होतं! त्यासाठीच तर घेतलं होतं मला. फार्मसीचं एवढं शिक्षण करून वर इथे वर्षभराची रेसिडेन्सी, अतिदक्षतेतल्या औषधांचं खास प्रशिक्षण. रोज डॉक्टरांबरोबर प्रत्येक बेडपाशी उभं राहायचं आणि कुठलं औषध कशातून द्यायचं, कशाबरोबर द्यायचं नाही, हे बघायचं. एरंडोलच्या एसटी स्टँडवर माझे वडील देवचंद आबा भेटेल त्याला सांगत फिरले, की पोरगी डॉक्टरांच्या जोडीनं राउंड घेते. डोंबलाचा राउंड! रेसिडेन्सीला मान्यता देणारे तपासणीचे लोक येऊन गेले, व्हेंटिलेटरशेजारी मला उभं करून फोटो काढला, आणि लगेच डॉक्टर योगराज म्हणाले, “राउंडला उगाच गर्दी होते, मृणाली. तू खाली शालिग्रामला मदत कर.”

शालिग्राम भाऊ म्हणजे खालच्या मेडिकलचे मुख्य. माणूस वाईट नाही, पण जीभ तिरकी. “या, आयसीयूवाल्या मॅडम,” म्हणायचे, “ते डायपरचे गठ्ठे तेवढे वरच्या फळीवर चढवा.” मी भांडले. चांगली कडाकडा भांडले, एकदा नाही, अनेकदा. दर वेळी तेच उत्तर, “येत्या सोमवारपासून वर ये.” तो सोमवार काही उगवला नाही.

तर त्या दिवशी मी आत शिरून डॉक्टरांना सांगितलं, “सर, दिवसभराची गोळी कुटून दिलीये. म्हणून प्रेशर पडतंय.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोकिळाकडे. ती रडायलाच लागली. नंतर त्यांनी जे जे करायचं ते सगळं केलं, ते मी नाकारणार नाही. मीही त्यांच्या हाताशी उभी होते. पण लकव्यानं आधीच खिळखिळी झालेली म्हातारी, संध्याकाळ व्हायच्या आत गेली.

हात धुताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “नातेवाइकांशी मी बोलतो. तू मध्ये पडू नकोस. तुझं वर्ष संपत आलंय. सर्टिफिकेट मिळेल, इथे नोकरीचंही बघू. समजलं ना?”

समजलं. मला सगळं समजत होतं. केबिनमध्ये त्यांच्या मागे मी मुकाट्यानं जाऊन उभी राहिले.

समोर झुंबरबाईंची मुलगी सुनंदाबाई आणि मुलगा निंबा. शिंदखेड्याकडची माणसं. सुनंदाबाई आल्यापासून आईजवळून हलली नव्हती. डॉक्टरांनी आवाज मऊ केला आणि म्हणाले, “कसं असतं, काही गोळ्या कुटायच्या नसतात. यांनी कुटली. त्यानं एकदम प्रेशर पडलं. आम्ही शर्थ केली, पण…”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सांगितलेलंच सगळं! माझ्याच तोंडून ऐकलेलं उचललं आणि सरळ त्या बाईच्या माथी मारलं!

“मी त् बारीक कुटी,” सुनंदाबाई पुटपुटली. “वस्त्रगाळ करी. नळीमा अडकाले नको म्हनीसन.” तिनं लुगड्याचा पदर दाखवला. गुलाबी भुकटीनं माखलेला. लेकराच्या घुटीला करतात तसं तिनं आईचं औषध पदरातून गाळलं होतं.

निंबा उठला. बहिणीकडे न बघता म्हणाला, “मायले तूच मारं. तू गाडीमा बसू नको.” आणि निघून गेला.

सुनंदाबाई रडली नाही. नुसती होती तिथे खाली बसली. डॉक्टर घड्याळ बघायला लागले. अहो, घड्याळ! आता ही बाई मरेपर्यंत गावात ‘आईला कुटून घातलं ती’ म्हणून जगणार, आणि हे घड्याळ बघतायत.

एरवी हॉस्पिटलात मी आमची खान्देशी बोलत नाही. तेव्हा दुसरी भाषा तोंडात येईना.

“अक्का,” मी म्हणाले, “तुम्ही नही मारं. तुमले कोन्हीच सांगं नही. आठे बठ्ठा नातेवाइकसले कुटालेच लावतंस. सांगानं काम मन्हं व्हतं, आनि यासनी माले वर येऊ दिधं नही.”

“मृणाली!” डॉक्टर ओरडले.

“काय सर? खोटं आहे का? खोटं असेल तर यांच्यासमोर सांगा ना!”

“उद्यापासून येऊ नकोस. वर्षबिर्ष विसर.”

“विसरले!” मी म्हणाले. आवाज मस्त खणखणीत निघाला.

मला वाटलं होतं सुनंदाअक्का आता रडेल, माझा हात धरेल. मूर्ख मी. तिनं मान वर केली, माझ्या पांढऱ्या एप्रनकडे पाहिलं, आणि विचारलं,

“मंग तू कोठे व्हती, बाई?”

“खाले. सलाईनना खोका रचत व्हतू.”

ती उठली आणि माझं मनगट असं घट्ट पकडलं की बांगडी रुतली. “हाई मन्हा भाऊले सांग. गाववालासना म्होरे सांग.”

जिन्यावरून तिनं मला ओढतच खाली नेलं. आवारात गाडी उभी होती. झुंबरबाईंना आत ठेवलं होतं, निंबा उशाशी बसला होता, भोवती गावची माणसं. मी पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. खलबत्ता, गोळी, राउंड, तळघर. तळघराच्या पायऱ्यांवर येऊन शालिग्राम भाऊ बघत होते. पेशंटचे नातेवाईक गोळा झाले. एका बाईच्या हातात तशीच एक पुडी होती, ती तिनं घाबरून उघडून पाहिली. मी सांगत राहिले. घसा बसला तरी सांगत राहिले.

सांगून झालं तरी निंबा मान खाली घालूनच होता. ड्रायव्हरनं विचारलं, निघायचं का?

निंबा खाली उतरला. बहिणीकडे त्यानं पाहिलं नाही. ड्रायव्हरशेजारी बसायला पुढे निघून गेला, आणि मागचं दार त्यानं उघडंच ठेवलं.

सुनंदाअक्का वर चढली आणि आईच्या उशाशी बसली.