गार अंगाची पोरं

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन वाजता रस्त्यावर दोनच प्रकारची माणसं सापडतात: ज्यांचा नाइलाज आहे ती, आणि ज्यांना अक्कल नाही ती. रोशनीला अक्कल भरपूर होती. पंधराव्या वर्षी तिने संस्थेच्या उंच भिंतीआडून सात वर्षांच्या धम्मदीपला पळवून आणलं होतं, तेही भाजीच्या गाडीत, रिकाम्या क्रेटांमागे दडवून. पण ऊन म्हणजे काय, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता.

शहराबाहेरच्या त्या संस्थेत जन्माआधीच मुलांच्या जनुकांत फेरफार केले जात. अशा पोरांना घाम येत नसे, तहान लागत नसे. अंग बारा महिने माठासारखं गार. तासन्‌तास उन्हात उभं केलं तरी कातडी तापायची नाही. एक गोष्ट मात्र त्यांना सोसत नसे. तापलेली वस्तू घट्ट धरून ठेवली, की तिची उष्णता अंगात उतरे आणि दिवसभर निघत नसे. डॉक्टर चाचणी म्हणून गरम पाण्याच्या पिशव्या छातीशी धरायला लावत. धम्मदीप दोन मिनिटांत पिशवी भिरकावून देई आणि वर बोलणी खाई.

तो काही तिचा सख्खा भाऊ नव्हता, शेजारच्या खाटेवरचा होता. पण तो रांगत होता तेव्हापासून त्याला भरवलं तिनेच. सोमवारी त्याला विमानाने परदेशी नेणार होते. गेल्या वर्षी कामिनीला असंच नेलं. पंधरा दिवसांत येईल म्हणाले, आणि तिची खाट दुसऱ्याच दिवशी उचलली. ते ऐकून-बघून गप्प बसणाऱ्यांतली रोशनी नव्हती.

जायचं होतं खाप्याला, भीमाबाईकडे. भीमाबाई संस्थेत स्वयंपाक करायची. पोरांशी फार बोलते म्हणून तिला काढून टाकलं. जाताना रोशनीच्या कानाशी लागून ती म्हणाली होती, "काही झालं तं खाप्याले ये. कन्हानच्या काठी माह्यं घर कोणालेही पुस." खाप्याची एसटी तीन वाजता होती.

पहाटे गाडीतून उतरल्यापासून दोघं गांधीबागेच्या कापडबाजारात गठ्ठ्यांमागे लपून होती. रोशनीने दोन वाजेपर्यंत वाट पाहिली. संस्थेच्या खिडकीतून रस्ता दिसायचा आणि भर दुपारी त्यावर चिटपाखरू नसायचं. म्हणजे निघायची वेळ तीच, असा तिचा हिशेब. रिकाम्या रस्त्यावर अनवाणी, उघड्या डोक्याची दोन पोरं किती लांबून दिसतात, हे त्या हिशेबात नव्हतं.

महाल भागातल्या एका गल्लीत एका दारातून बाईने हाक मारली. "अवं पोरी, पाय भाजतीन ना! डांबर वितळून राहिलं. ये, पाणी पे."

"नको, तहान नाही," रोशनी म्हणाली आणि पुढे गेली.

नागपुरात मे महिन्यात पाण्याला नाही म्हणणारं माणूस त्या बाईने जन्मात पाहिलं नव्हतं. तिने ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने समोरच्या शिंप्याला. त्यामुळे संस्थेचा पहारेकरी रुपराव मागावर आला तेव्हा त्याला फारसं विचारावंच लागलं नाही.

"दुपट्टा नाही, चप्पल नाही, असे दोन पोट्टे पाह्यले काय गा?"

"पाह्यले ना बाप्पा! पाणीही नाही पेले!"

रुपराव बावन्न वर्षांचा, सुटलेल्या पोटाचा माणूस. धम्मदीपला खिडकीच्या गजांतून आंब्याच्या फोडी देणारा हाच, आणि पकडून आणायला निघालेलाही हाच. नोकरी होती. गल्ली अरुंद, मध्येच गिट्टीचा ढीग पडलेला, म्हणून त्याने गाडी तिथेच टाकली आणि पायी धावत सुटला. "हो साहेब, एसटी स्टँडकडेच जाऊन राहिले," असं तो फोनवर ओरडला, ते रोशनीने स्वतःच्या कानांनी ऐकलं. तिने धम्मदीपचं मनगट धरलं आणि पळाली. एक वळण, दुसरं, तिसरं. मग मागचा पावलांचा आवाज थांबला.

वळून पाहिलं, तर चार पावलांवर रुपराव एका बंद घराच्या पायरीशी आडवा पडला होता. उन्हासाठी डोक्या-तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा सुटून बाजूला गेला होता.

"बरं झालं," रोशनी म्हणाली. तिला खरोखरच बरं वाटलं. "चल. गाडी सुटीन."

धम्मदीप हलला नाही. "ताई, त्याले घाम नाही येऊन राहिला."

घाम थांबला की माणूस जातो, हे संस्थेतल्या भिंतीवरच्या तक्त्यावर चित्रासकट लिहिलेलं होतं. साध्या माणसांना ऊन सोसत नाही म्हणून आपल्याला बनवलं, हे पोरांना समजावं म्हणून.

"मरू दे त्याले! तुले पकडाले आला होता तो!"

"पण तो मरीन ना."

रोशनीचं डोकं सणकलं. रुपरावचा राग आला, धम्मदीपचा आला, आणि त्याचं खरं आहे याचा सगळ्यात जास्त आला. तिने तीन-चार दारं बडवली. आत कूलर घोंघावत होते, कोणाला काय ऐकू जाणार! ती परत आली आणि रुपरावच्या शर्टाची बटणं तोडली.

"मान धर त्याची. दोन्ही हातांनी. मी काखा धरते. अन् सोडशीन तं पाह्य."

रुपरावचं अंग भाजत होतं. त्याच्यातली आग तिच्या तळव्यांतून कोपरापर्यंत चढली, मग छातीत उतरली. धम्मदीप रडायला लागला. दोन मिनिटांत पिशवी फेकणारा तो पोरगा हुंदके देत देत अर्धा तास मान धरून बसला. तीन वाजून गेले. रोशनीने ते रुपरावच्या मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, पण हात काढले नाहीत.

शेवटी एक दार उघडलं. माणसं जमली, पाणी आलं, ऑटो आला. रुपरावने एकदा डोळे उघडले, धम्मदीपकडे पाहिलं आणि परत मिटले. तो काय बोलला असता, कोण जाणे. ऑटो त्याला दवाखान्यात घेऊन गेला. दुपट्टा तिथेच पडला होता. रोशनीने तो मधोमध फाडला आणि उन्हात सगळे गुंडाळतात तसा दोघांच्या तोंडाला गुंडाळला.

पुढची गाडी पाचची. स्टँडवर खाप्याच्या फलाटाशी टेबल मांडलं होतं, त्यावर पाटी: 'मोफत उष्माघात तपासणी'. पांढऱ्या कोटातले दोघे प्रत्येक लहान मुलाच्या कपाळासमोर ताप मोजायचं यंत्र धरत होते. मोठ्यांकडे ढुंकूनही बघत नव्हते. रोशनी काय ते समजली. झाडून सगळ्यांची तोंडं दुपट्ट्यात, चेहरा बघून उपयोग काय? संस्थेने भाड्याच्या माणसांना एवढंच सांगितलं असणार, की गार पोर शोधा.

तीनच्या गाडीला ही माणसं इथे पोचलीही नसतील. तीनच्या गाडीने गेलो असतो तर, हा विचार तिला जाळत होता. मागे फिरावं तर एकाने आधीच हात हलवला. "या, या, घाबरू नका." तिने धम्मदीपचा हात घट्ट धरला. कामिनीची रिकामी जागा तिच्या डोळ्यांपुढे आली.

यंत्र तिच्या कपाळासमोर आलं. वाजलं.

"शंभर," तो माणूस म्हणाला. मग धम्मदीप. "एकशे दोन! अवं पोरी, याले ऊन लागून राहिलं. पाणी पाज याले पहिले. चला, पुढचा."

रोशनीला चार पावलं चालेपर्यंत उमगलंच नाही. मग तिने स्वतःचा हात गालाला लावला. रुपरावचा ताप अजून तिच्या अंगात होता. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला रडू कोसळलं.

पाणपोईवर धम्मदीप तीन गिलास पाणी प्याला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मागून पाणी घेतलं. गाडीत खिडकीचा पत्रा तापलेला, पंखा नावाला. एक बाई पदराने बाळाला वारा घालत होती, तिच्या मागचा म्हातारा तोंड उघडं टाकून धापत होता. स्टँड मागे पडला तरी धम्मदीप त्यांच्याकडेच बघत होता.

"ताई, या सगळ्यायले रोज असंच होते काय?"

"उन्हाळ्यात होते. रोज."

धम्मदीपने त्या धापणाऱ्या म्हाताऱ्याकडे बोट केलं.

"मंग हे पळून काहून नाही जात?"