भागूच्या गळ्यातली काविळीची माळ

मी एक जुनी माळ आहे. फुलांची नाही, मण्यांची नाही, काविळीची. सास्तूरला जाईबाईंच्या घरात एका खिळ्याला लटकलेली असते आणि माझ्यावर धूळ बसते. बसू दे. मित्रांनो, माझं कौतुक एके काळी फार झालं. आता माझं खरं मीच सांगते.

मला जळकोटच्या वीरप्पांनी केलं. घेटुळी नावाच्या रानवनस्पतीच्या ओल्या काड्यांचे नखाएवढे तुकडे करायचे आणि एकेक तुकडा दोऱ्याच्या फासात आवळायचा, असं ते काम. वीरप्पा पैसे घेत नाहीत. त्यांच्या वडिलांनी शिकवलं आणि माळ डोक्यावरून खाली उतरत जाते तशी कावीळही उतरते, यावर त्यांचा पुरता विश्वास आहे. माणूस फसवणारा नाही, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी त्यांनी दोन माळा केल्या, एक मी आणि एक माझी बहीण.

"लेकरू हातपाय झाडतं. एक तुटली तर दुसरी असू द्या," ते जाईबाईंना म्हणाले. "आन् माळ आपसूक गळून पडंस्तवर गावची शीव वलांडायची न्हाय."

जाईबाईंची लेक पौर्णिमा बाळंतपणाला माहेरी आलेली होती. मुलगी झाली, भाग्यश्री. सगळे तिला भागू म्हणत. जन्मल्यावर चार दिवसांनी ती पिवळी पडली आणि महिना झाला तरी पिवळीच राहिली. रोज कोवळ्या उन्हात धरून झालं. गावच्या आशा कार्यकर्त्या महेश्वरीताई घरी येऊन सांगून गेल्या, की दोन आठवड्यांच्या वर पिवळेपणा राहिला म्हणजे रक्त तपासायला पाहिजे, धाराशिवला घेऊन जा. जाईबाई हो म्हणाल्या आणि जळकोटला जाऊन मला घेऊन आल्या.

मला भागूच्या डोक्यावर ठेवलं. मी तेव्हा हिरवी, ओलसर आणि एवढीशी होते, टाळूवर टोपीसारखी बसले. बहीण खिळ्याला गेली. भूकंपानंतर बांधलेलं सिमेंटचं घर ते, भिंतीत खिळा शिरता शिरत नाही. त्या खोलीत एकच खिळा होता.

मला घातल्यापासून पाचव्या दिवशी मी डोक्यावरून गळ्यात आले. घरभर आनंद झाला.

"उतरली गं बाई! डोक्यातली कावीळ उतरली!" जाईबाईंनी माझ्यावरून बोटं मोडली.

"आये, पण डोळं पिवळंच हायती की हिचं," पौर्णिमा म्हणाली.

"उतरायला येळ लागंल का न्हाय? वरनं खाली यायची हाय ती."

भागूचे वडील अमृत कळंबला शाळेत क्लार्क. त्यांना फोनवर मला दाखवलं. शिकलेला माणूस, पण मला गळ्यात बघून तेही म्हणाले, "व्हय की, लांबली खरंच. मग राहू द्या, गळून पडली की जाऊ."

मित्रांनो, मी काय केलं होतं? ओली काडी सुकते, सुकून बारीक होते. मग फास ढिला पडतो, दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. एवढंच. मी सुकत होते आणि लोक मला हात जोडत होते.

मी छातीवर आले, मग पोटावर. तिथून मला भागूचे लंगोट रोज दिसायचे. लघवीचे डाग गडद पिवळे आणि शी मात्र चुन्यासारखी पांढरट. पौर्णिमाने एकदा विचारलंही.

"दूध पांढरं पितंय, शी पांढरीच व्हणार," जाईबाई म्हणाल्या. मला बोलता येत नव्हतं. येत असतं तरी त्या वेळी बोलले असते का, कुणास ठाऊक. कौतुक मलाही गोड लागत होतं. त्याची आता लाज वाटते.

भागू बावन्न दिवसांची झाली तेव्हा मी तिच्या पायांतून गळून पडले. पेढे वाटले. पुढे दोन आठवडे कावीळ गेली म्हणूनच दिवस काढले. मग एकदा महेश्वरीताई आल्या आणि धुवायला टाकलेला लंगोट त्यांनी हातात धरला.

"ही असली शी कधीपासून हाय?"

"पैल्यापासनं," पौर्णिमा म्हणाली. महेश्वरीताईंनी तिथूनच गाडीसाठी फोन लावला.

धाराशिव झालं, सोलापूर झालं, मग पुणं. मी जाईबाईंच्या बटव्यात होते, म्हणून सगळं ऐकलं. यकृतात पित्त तयार होतं, ते आतड्यात उतरायची नळीच भागूला बंद होती. पित्त आत साचून यकृत खराब होत होतं. डॉक्टर म्हणाले, बंद नळी काढून आतड्याचा तुकडा थेट यकृताला जोडू. लवकर आणलं तरी प्रत्येक बाळाला गुण येतोच असं नाही, पण साठ दिवसांच्या आत आशा जास्त असते. भागूचं ऑपरेशन झालं तेव्हा ती एक्क्याऐंशी दिवसांची होती.

आठ दिवसांनी शी पिवळी झाली. पौर्णिमा तो लंगोट छातीशी धरून हसली. तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

घरी आल्यावर जाईबाईंची नजर खिळ्याकडे गेली. माझी बहीण खाली धान्याच्या कणगीपर्यंत लोंबत होती. जाईबाईंनी तिला काढलं, बटव्यातून मला काढलं, दोघींना फरशीवर शेजारी ठेवलं आणि वितीनं मोजलं. दोघी सारख्याच भरल्या. मग जाईबाई दोघींना परत खिळ्याला अडकवून चुलीकडे गेल्या.

पुढे भागूला ताप येऊ लागले. जोडलेल्या वाटेनं आतड्यातले जंतू वर चढतात, असं अमृत सांगत होते. दर तापाला पुणं. यकृत कडक झालं, पोट फुगलं. पौर्णिमा आपल्या यकृताचा तुकडा देणार होती, तिच्या तपासण्याही झाल्या होत्या. तारीख मिळायच्या आधी भागूला रक्ताच्या उलट्या झाल्या. पंधरा महिन्यांची होऊन ती गेली.

मला कुणी टाकलं नाही, कुणी हातही लावला नाही.

गेल्या आठवड्यात शेजारच्या सत्यभामाबाई नातवाला घेऊन आल्या. पंचवीस दिवसांचं बाळ, पिवळं.

"जाईबाई, त्या जळकोटच्या वीरप्पाचा पत्ता द्या की."

जाईबाई उठल्या. आम्हा दोघींना खिळ्यावरून काढून त्यांनी सत्यभामाबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"ही माझ्या भागूच्या अंगावर व्हती. ही खिळ्याला व्हती. बघा, दोन्ही सारख्याच लांबल्या. खिळ्याला कुठं कावीळ झालती?"

सत्यभामाबाईंनी दोन्ही माळा शेजारी शेजारी धरून बघितल्या.

"लेकराचा लंगोट दावा मला."

त्यांनी पिशवीतून काढला. जाईबाईंनी तो दारात उजेडाला नेऊन पाहिला आणि तिथंच चपला घातल्या.

"चला. आत्ताच दवाखान्यात."

"अवो, अजून सव्वा म्हैना झाला न्हाय बाळाला..."

"न्हाय झाला तेच बरं हाय. मी येते संगं."

जाईबाई पुढे आणि सत्यभामाबाई बाळाला घेऊन मागे, अशा दोघी गेल्या. आम्ही मांडीवरून घसरून फरशीवर पडून राहिलो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं बाळ दोन आठवड्यांनंतरही पिवळं दिसलं, त्याची शी पांढरट दिसली, तर मोठ्या माणसांना सांगा. लहान तोंडी मोठा घास म्हणतील, म्हणू देत. त्यांना म्हणा, माळेकडे बघू नका, लंगोटाकडे बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे चला. माझ्यावर थांबू नका. मला सुकण्याशिवाय काही येत नाही.