चौकट सरळच होती

नरहररावांनी स्टुलावर चढून देवघराच्या चौकटीला ओळंबा लावला, खालचा गोळा थांबेपर्यंत श्वास धरला आणि बायकोला म्हणाले, "पाह्य. सुताचाही फरक नाई. चौकट सरळ हाय, तुह्या डोयालेच वाकडी दिसते."

कुंदाताईंनी ते उतरेपर्यंत स्टूल धरून ठेवलं. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून उभी हयात काढलेल्या माणसाशी सरळ-वाकड्याचा वाद कोण घालणार? घाटंजीतलं हे घर त्यांनी जातीनं उभं राहून बांधून घेतलं होतं, आणि तिनं नेमकं त्याच्याच चौकटीला नाव ठेवलं होतं. जिंकल्याच्या खुशीत त्यांनी चहा मागितला. आता गंमत बघा, रोग त्यांनी स्वतःच्याच तोंडानं सांगून टाकला होता, पण तो त्यांच्या कानापर्यंत काही पोचला नाही.

पुढे कुंदाताईंना तुरीच्या डाळीतला खडा दिसेना. पोथीची ओळ वाचता वाचता मधलेच शब्द बुडू लागले. नरहरराव म्हणाले, मोतीबिंदू आहे, पिकू दे, कच्चा काढत नसतात. मग म्हणाले, उन्हाळ्यात डोळ्याला हात लावू नये, थंडी पडू दे. त्यांच्या वडिलांचं तसंच केलं होतं, शेजारच्या रामरावांचंही. झाडाचा आंबा पिकायची वाट बघावी तशी दोघं वाट बघत बसली.

थंडीत यवतमाळला नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांत थेंब टाकून फोटो काढले, मग चौकटी-चौकटींचा कागद पुढे धरला. कुंदाताई म्हणाल्या, रेघा वाकड्या दिसतात, आणि अगदी मधे तर काहीच नाही.

मोतीबिंदू नव्हताच. बाईंनी समजावून सांगितलं की वय झालं की डोळ्याच्या पडद्यामागे कचरा साचतो. रोगाशी लढणारी शरीराचीच फौज तो साफ करायला येते. पण एखाद्याच्या डोळ्यात ती परत जात नाही, तिथेच धुमसत राहते आणि चांगल्या पेशींनाच जाळते. मग तिथे नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात आणि त्या झिरपतात. इंजेक्शननं ते झिरपणं थोपवता येईल, पण गेलेली नजर येणार नाही.

"म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं," नरहरराव म्हणाले.

"हो काका. पण आलं होतं ते राखायलाच."

ते वाक्य नरहररावांना फार लागलं. रेघा वाकड्या दिसू लागल्या तेव्हाच का नाही आलात, असं बाईंनी विचारलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली. आता कुंदा ओळंब्याचं सांगणार, असं त्यांना वाटलं. कुंदाताई म्हणाल्या, "ध्यानातच नाई आलं बाई माह्या."

घरी आल्यावर नरहरराव खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसले. जन्मात कधी न म्हटलेलं म्हणायचं होतं.

"माह्यं चुकलं कुंदा. तू सांगत होती, म्या आयकलं नाई."

तिनं तोंड फिरवलं. रागावलीस का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"नाई वो. समोर पाह्यलं का तुमचं तोंडच नाई दिसत. असं तिकडे पाह्यलं, का मंग बाजूनं दिसता."

नरहरराव जागचे हलले नाहीत. देवघराच्या चौकटीकडे तोंड करून ती त्यांना पाहत राहिली.