डाव्या पुडीवरची कणीक

भजनी मंडळाचे वीणेकरी मुरारीतात्या अंगणात आले तेव्हा सारिका पेटीचा भाता ओढून पाहत होती. पेटी तिची नव्हती. महाडच्या दुकानदाराने चार दिवस वापरून बघा म्हणून दिली होती. त्याआधी बासरी झाली होती. तिच्यातून फुंकरीपलीकडे काही निघालं नाही. चाळिशी उलटल्यावर शिकायचं तर पेटीच बरी, असं महाडात आणि इथे कापडे गावात सगळ्यांनीच सांगितलं होतं.

"छान!" तात्या ओटीवर टेकत म्हणाले. "बाईमानसाला शोभतंय. भजनात साथीला बस." मग घसा साफ करून म्हणाले, "मृदंग न्यायला आलोय गो. उद्यापासून देवळात हरिनामाचा सप्ता बसतोय."

मागे किशोर उभा होता. महिपतींच्या, म्हणजे सारिकाच्या वडिलांच्या हाताखाली तो वाजवायला शिकला होता. मृदंग मंडळाचा, महिपतींकडे तो फक्त सांभाळायला होता. वाडीची रीत सरळ होती. ज्या घरात वाजवणारा हात, त्या घरात वाद्य. हात गेला की वाद्य दुसऱ्या घरी जायचं. बाबा जाऊन पावसाळा सरला तरी कोणी मागायला आलं नव्हतं, तो मंडळाचा मोठेपणा.

"देवळातला दुसरा आहे ना?" सारिका म्हणाली.

"त्याच्या पुडीचं कातडं फाटलं, ताई," किशोर म्हणाला.

आई माजघरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली. "दे गो काढून. देवाच्या कामाचं हाय."

सारिका उठली नाही. आत फडताळात, निळ्या खोळीत मृदंगावर काय आहे ते तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

मृदंगाच्या डाव्या पुडीवर वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापतात, त्यामुळे आवाजाला घुमारा येतो. भजन संपलं की ती लगेच खरवडून काढायची. राहिली तर वाळते, कातडं ओढते आणि शेवटी चिरते. बाबांनी आयुष्यात कधी ती ठेवली नाही. त्या रात्री मात्र भजनाहून आले ते छातीवर हात दाबतच. कणीक तशीच राहिली. पहाटे महाडच्या दवाखान्यातून त्यांना परत आणलं. दिवसकार्य झाल्यावर सारिकाने खोळ उघडली. वाळलेल्या कणकेवर चार बोटांचे ठसे होते. तिने डांबराच्या गोळ्या टाकून खोळ पुन्हा बांधली.

किशोर आत गेला. "थांब," ती म्हणाली, पण तोवर तो मृदंग घेऊन ओटीवर आला होता. त्याने गाठ सोडली.

"आयला! तात्या, कणीक तशीच हाय!"

तात्या खाली वाकले. त्यांचा चेहरा लाल झाला. "कोनी ठेवली ही? महिपतीच्या घरात? येवढी पुस्तकं वाचतंस तू, आनि—"

"मी ठेवली."

"का?"

तिने बोट दाखवलं. तात्यांनी डोळे बारीक केले. आई पुढे आली, ठशांवर हात नेला आणि टेकवता टेकवता मागे घेतला.

मग किशोरने हळूच खिशातून चाकू काढला.

"हात लावू नकोस," सारिका म्हणाली.

"ताई, उद्या सप्ता—"

"ऐक," तात्या म्हणाले. आवाज उतरला होता. "अजून थोडे दिवस ऱ्हायली तर कातडं जाईल. मग ठसे तरी कशावर ऱ्हातील? आनि ठेवून करनार काय? तू तर पेटी घेतंस."

"पेटी नाही घेत."

हे ती बोलून गेली तेव्हा तिलाही नवंच होतं. "मृदंग शिकणार आहे. घरात हात असला की वाद्य घरात राहतं ना?"

"ह्या वयात? मांडीवर मृदंग घेऊन?" तात्या हसले, पण ते हसू पुरतं उमटलं नाही. "भावकी काय म्हनेल?"

"तुमच्या वीणेची तार उतरल्यावर म्हणते तेच म्हणेल," किशोर म्हणाला. "काही नाही. गप बसते."

"तू गप रे!" तात्या सारिकाकडे वळले. "शिकनारा हात असंल तर पहिलं काम त्या हाताचं. काढ ती. किशोर नाय, मी नाय. तू."

तिने आईकडे पाहिलं. आई आत गेली. तिने फडकं भिजवून, पिळून आणून दिलं.

सारिकाने ते कणकेवर पसरलं. कणीक मऊ होईपर्यंत थांबली. कड सुटली. नखाने उचलायला गेली तशी करंगळीचा ठसा तुटला, मग दोन बोटं एकदम. आईने तुकडे पदरात घेतले. शेवटचा तुकडा निघेना, तो तिला खरवडावा लागला. खाली कातड्यावर केसाएवढी रेघ दिसली.

तात्यांनी कान लावला. बोटाने टिचकी मारली. पुन्हा मारली.

"वरवरची हाय," ते म्हणाले. "सप्ता निघंल."

आईने ताजी कणीक मळून आणली. किशोरने दाखवलं तशी सारिकाने ती थापली, मांडी घातली, तळवा मारला. भद्द आवाज आला.

"दार वाजवलं कोनी?" किशोर म्हणाला.

"परत," तात्या म्हणाले.

तिने परत मारला. परत. हात हुळहुळायला लागला. एकदा, फक्त एकदाच, आतून काहीतरी घुमलं आणि लगेच हरवलं. ती थांबली.

"पुरे. सप्त्यात वाजवंल किशोर. तू त्याच्याशेजारी बस. रोज लावायची तू, काढायची तू. एक दिवस चुकलीस तर वाद्य त्याच्या घरी जाईल, मग रडायचं नाय." तात्या उठले. "आता काढ."

"आत्ताच तर लावली!"

"वाजवून झालं ना?"

कणकेवर तिची बोटं उमटलेली होती. तिने कणीक कडेने सोडवली, तिचा गोळा केला. आईने तो तिच्या हातातून घेतला आणि मागल्या दारी गायीला नेऊन घातला.